दोन साडूंचा कार्ब्युरेटर

सासरे गेले तेव्हा मागे एक घर, एक सासूबाई, दोन मुली, दोन जावई आणि एक गाडी ठेवून गेले. घर सासूबाईंचं होतं. मुली आपापल्या संसारात होत्या. वाटणीचा प्रश्न उरला तो गाडीचा, आणि तो सासूबाईंनी बैठकीतच निकालात काढला. "यांची शेवटची इच्छा होती," त्या म्हणाल्या, "की गाडी जो चालती करील त्याची. चालती म्हणजे मला बसवून बाजारापर्यंत न्यायची आणि मध्ये कुठेही बंद न पडता घरी आणून सोडायची."

गाडी अशी होती, की रस्त्यावर ठेवली असती तर चोरानेही क्षणभर विचार करून पुढची गाडी पाहिली असती. मूळ रंग कोणता, याबद्दल घरात दोन मतं होती. डावीकडचं मागचं दार आतूनच उघडायचं आणि उजवीकडचं मागचं बाहेरूनच, त्यामुळे मागे दोघं बसली तर एकमेकांवाचून चढता-उतरता यायचं नाही. पण शेवटची इच्छा म्हटल्यावर दोन्ही जावयांच्या अंगात वारं शिरलं.

थोरलीचा नवरा हेडमास्तर होता. धाकटीचा नवरा ऑडिटर होता. एकाला जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवण्याची सवय, तर दुसऱ्याला त्या हिरव्या शाईने. या दोन साडूंचं आपसात बोलणं बंद होतं. कारण विचाराल तर हसाल. फार वर्षांपूर्वी सासरे बॉनेट उघडून वाकले होते, दोघं जावई मागे उभे होते, आणि सासऱ्यांनी टॉर्च धरायला धाकट्याला दिली. हेडमास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. ऑडिटरनेही टॉर्च अशी काही मिरवली, की पुढचे दोन दिवस तो बोलताना हात थोडा उंचच धरत होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. दोघांनी एकमेकांच्या घराचा उंबरा ओलांडला नाही, आणि नवरे जाईनात म्हणून बायकांचंही जाणंयेणं आटलं. "या रविवारी नको, ह्यांचं काम आहे," असं फोनवर एकमेकींना सांगता सांगता थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या बहिणी ओळखीच्या बायका झाल्या होत्या.

गाडीने ते सगळं फिरवलं. गाडी सासूबाईंच्या गॅरेजात, चावी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात, आणि दर रविवारी दोन्ही कुटुंबं हजर. सकाळपासून जेवणापर्यंत गाडी हेडमास्तरांची, जेवणानंतर चहापर्यंत ऑडिटरची. दोघं जेवायला मात्र एकाच टेबलाला बसत, आणि त्यांचं बोलणं बायकांमार्फत चाले.

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला सांग, मीठ वापरून झालं असेल तर इकडे यावं."

"ताई, भाऊजींना सांग, मीठ त्यांच्याच कोपराशी आहे."

थोरलीला याचं आता हसूसुद्धा येत नसे. तिचं लक्ष नसे तिकडे. तिला एवढंच कळत होतं, की रविवारी सकाळी दार उघडलं की धाकटी समोर असते, दोघी आईच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहतात, पोरींच्या परीक्षा, दुखणारे गुडघे, ऑफिसातली ती आगाऊ बाई, सगळं निघतं, आणि चहाची वेळ कधी होते ते समजत नाही. इतक्या वर्षांत तुटलेलं ते सगळं त्या भंगार गाडीने बांधून दिलं होतं. आणि गाडी एकदा का चालली, की एकाच्या दारात जाणार, दुसरा तोंड वाकडं करून घरी बसणार, आणि रविवार पुन्हा पहिल्यासारखे होणार, हे तिला लख्ख दिसत होतं. सुदैवाने गाडी चालत नव्हती. थोरली बॉनेटखालून येणारी प्रत्येक खोकल्याची उबळ ऐकून मनात देवाचे आभार मानायची.

चालत नव्हती, कारण कार्ब्युरेटर झिजला होता. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला देणारं हे भांडं. त्याच्या झडपेचा दांडा इतका ढिला झाला होता, की नको तिथून हवा शिरायची आणि गाडी दोन उचक्या देऊन मरायची. हेडमास्तरांनी तो सकाळी उघडून साफ करावा, ऑडिटरने दुपारी पुन्हा उघडून तपासावा, असं बरेच महिने चाललं. शेवटी त्याच्या स्क्रूंचे आटे गेले. तसला कार्ब्युरेटर आता कुठे बनत नव्हता. सुट्या भागांच्या दुकानदाराने दुसऱ्याच बनावटीचा एक नवा दाखवला. मध्ये जोडपट्टी टाकली की बसेल, म्हणाला.

हेडमास्तरांनी तो आणला. मुलांच्या उत्तरपत्रिका असाव्यात तसा छातीशी धरून आणला. दोन रविवार खपून त्यांनी जोडपट्टी बसवली, पॅकिंग कापलं, कार्ब्युरेटर घट्ट आवळला आणि वर एअर फिल्टर चढवला. मग त्यांनी फिल्टरच्या झाकणाभोवती पांढरी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर लाल शाईने सही केली. ही त्या गॅरेजातली जुनी पद्धत होती. जेवायला जाताना जो तो आपल्या कामाला सील ठोकून जाई, आणि दुसऱ्याचं सील तोडणं म्हणजे पेपर फोडल्याइतका गुन्हा समजला जाई.

पायापासून कार्ब्युरेटरपर्यंतची जोडणी ऑडिटरच्या वाट्याला आली. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल दाबलं की एक दांडी ओढली जाते, दांडी लीव्हर फिरवते, लीव्हर झडप उघडतो. एवढंच ते प्रकरण. दांडी, सांधे आणि स्प्रिंग घेऊन ऑडिटर कामाला लागला. सीलबंद फिल्टरखालून साडूच्या लीव्हरचं टोक तेवढं बाहेर आलं होतं, त्याला त्याने आपली दांडी जोडली, पेडल दाबून पाहिलं, दांडी हलली, लीव्हर हलला, आणि त्याने समाधानाने आपल्या सांध्यांवर कापड गुंडाळून हिरवी सही केली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात थोरली बटाटे सोलत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आमच्या ह्यांचं एक गुपित आहे हां. कोणाला बोलू नकोस. या नव्या कार्ब्युरेटरची झडप म्हणे जुन्याच्या उलट्या बाजूने उघडते. मध्ये एक उलटा लीव्हर टाकावा लागतो, नाहीतर गाडी धड चालायची नाही. दुकानदाराने सांगितलं. तर ह्यांनी तो टाकून वर सील केलंय. म्हणाले, ऑडिटरच्या डोक्यात हे जन्मात येणार नाही, आणि गाडी चालली की मी सांगीन कोणामुळे चालली ते."

धाकटीच्या हातातली सुरी थांबली.

"ताई," ती म्हणाली, "आमचेही त्याच दुकानात गेले होते. यांनीही टाकलाय. पेडलच्या बाजूला. म्हणाले, हेडमास्तरांना कार्ब्युरेटर आणायला जमलं हेच खूप, बाकी अक्कल आपणच लावायची."

बाहेर गॅरेजात पाना खाली पडल्याचा आवाज आला. सांगायला हवं होतं. दार उघडून दोन पावलं टाकली आणि एक वाक्य बोललं, की काम होणार होतं. मग एक लीव्हर निघेल, गाडी सुरळीत चालेल, आई बाजारात जाऊन येईल. आणि पुढच्या रविवारी थोरली आपल्या घरी नवऱ्याच्या सदऱ्याला इस्त्री करत बसलेली असेल.

"चालणार नाही म्हणजे काय, सुरूच होणार नाही ना?" थोरलीने विचारलं.

"होत नसेल," धाकटी म्हणाली. तिला गाडीतलं जितकं कळत होतं तितकंच थोरलीला. "उचकी देऊन बसेल. नेहमीसारखी."

"मग राहू दे," थोरली म्हणाली, आणि दोघींनी तोंडाला कुलूप लावून बटाटे संपवले.

पुढच्या रविवारी परीक्षा ठरली. सासूबाई चांगली चप्पल घालून, पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. जाताना हेडमास्तर चालवणार, येताना ऑडिटर, असा तह बायकांमार्फत झाला होता. ऑडिटर मागे मधोमध बसला, म्हणजे पुढचं सगळं दिसावं. त्याच्या दोन्ही बाजूंना दोघी बहिणी. आईलाही आत बसावं लागेल हे ठाऊक असूनही थोरलीने त्याचा नीट विचार केला नव्हता. आता आईचा पिकला अंबाडा समोर दिसला तेव्हा कुठे तो विचार तिला शिवला.

सासूबाईंनी चावी दिली. हेडमास्तरांनी ती फिरवली, आणि गाडी उचकी न देता एकदम सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, बोंब मारून उठली. गॅरेजचे पत्रे थरथरले. हेडमास्तरांनी दचकून पेडल दाबलं, तशी गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली.

"बघ," हेडमास्तर आरशात बघत बायकोला म्हणाले, "सांग त्यांना, इंजिन किती शांत चालतंय. कार्ब्युरेटर चांगला असला की असं असतं."

"सांग त्यांना, जोडणी चांगली असली की असं असतं," ऑडिटर दोघींच्या मधून म्हणाला.

पेडल पूर्ण दाबून ठेवलं तेव्हा इंजिन शांत होतं, ही गोष्ट त्या दोन विद्वानांपैकी एकालाही खटकली नाही. गाडी फाटकातून हळूच बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला आडवा आला, म्हणून हेडमास्तरांनी सवयीने पाय उचलला. आणि गाडी उधळली. त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेक दाबायचा तर पेडलवरचा पाय निघालेलाच, म्हणजे इकडे ब्रेक मागे ओढतोय आणि तिकडे इंजिन जीव खाऊन पुढे. सायकलवाला सायकल टाकून शिंप्याच्या दुकानात शिरला. गाडी गचके देत, रडत, ओरडत न्हाव्याच्या दुकानासमोरून गेली, तेव्हा आत अर्धी दाढी झालेला एक जण तसाच उठून दारात आला.

"पाय काढा," ऑडिटर ओरडला.

"काढलाय," हेडमास्तर ओरडले.

"मग दाबा."

"कुठला?"

इतक्या वर्षांत दोघं प्रथमच थेट बोलत होते, पण ते लक्षात घ्यायची ती वेळ नव्हती. थोरली पुढच्या सीटची पाठ धरून "आई, आई" एवढंच म्हणत होती. आपण काय करून बसलो हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं, की गाडी थांबली असती तर तिने तिथेच रस्त्यात आईचे पाय धरले असते. कोपऱ्यावर एक घर बांधत होते, त्याच्या वाळूचा ढीग रस्त्यावर आला होता. गाडी त्यात नाक खुपसून चढली. चाकं वाळू उडवत राहिली. मग सासूबाईंनी हात लांब करून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"बाजार राहिला," त्या पिशवी सावरत म्हणाल्या.

कोणाला खरचटलंही नव्हतं. गाडी ढकलत न्यायची ठरली. सासूबाई म्हणाल्या, मी बसून आलेय, बसूनच जाणार. स्टिअरिंगला थोरली बसली, कारण धरायला कोणीतरी हवंच होतं. धाकटी बाजूने चालत "सरका, सरका" म्हणत लोकांना हटवत होती. मागे एका कोपऱ्याला हेडमास्तर, दुसऱ्याला ऑडिटर. न्हाव्याच्या दुकानातला माणूस उरलेली दाढी करून मुद्दाम पाहायला थांबला होता. गल्लीच्या वळणावर "डावीकडे जोर लावा" असं हेडमास्तर हवेला म्हणाले, आणि डावीकडे ऑडिटरच असल्यामुळे त्याने जोर लावला.

गॅरेजात दोघं बॉनेटपाशी उभे राहिले. थोरली चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीतून कान देऊन ऐकत होती.

"सील फाडा," हेडमास्तर म्हणाले.

"सही तुमची आहे. तुम्हीच फाडा."

चिकटपट्टी फाटली. मग कापड सुटलं.

"हा काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"उलटा लीव्हर. पण मग हा तुमचा काय?"

"उलटा लीव्हर."

झडप उलटी, म्हणून एकदा उलटवायची होती. दोघांनी दोनदा उलटवल्यामुळे ती होती तशीच उलटी राहिली होती. पाय दाबला की मिटायची आणि सोडला की उघडायची. एवढं समजायला दोघांना वेळ लागला नाही, तेवढे ते हुशार होते. वेळ लागला तो कोणाचा काढायचा यावर. तिथे असा काही कडाक्याचा वाद पेटला, की थोरलीने खिडकी लावून घेतली.

"आई," ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"मलाही," धाकटी म्हणाली.

आई चहा गाळत होती. ती थांबली नाही. "दोघांनी लीव्हर टाकलाय ते? आणि तुम्हाला वाटलं, गाडी चालणार नाही."

"चालली की तू ती कोणाला तरी देणार. मग आम्ही इथे कशाला येणार?" थोरलीला रडू फुटलं. "तू आत होतीस आई. काही झालं असतं तर?"

"चावी कुठे असते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. मग गाळणं खाली ठेवून तिने दोघींकडे पाहिलं. "तुमच्या बाबांची शेवटची इच्छा काय होती, सांगू? म्हणाले, 'गाडी भंगारात दे. आणि काही झालं तरी जावयांना हात लावू देऊ नकोस.'"

धाकटीने हातातली बशी खाली ठेवली.

"भंगारात दिली असती तर तुम्ही किती रविवार आला असतात?" आई म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या तोंडी मी शब्द घातले. एकदा घातले. पुन्हा नाही घालणार. आता गाडी बाजारात जाऊन आली, तर मी बोलल्याप्रमाणे ती एकाला देणार. माझा इलाज नाही."

थोरलीला आईचा राग आला, आणि त्याच वेळी तिला तिच्या कुशीत डोकं घालावंसं वाटलं. तिने चहा उचलला आणि बाहेर नेला. दोघं साडू एकाच स्टुलावर दोन बाजूंनी ढुंगण टेकून बसले होते. वाद मिटला होता. हेडमास्तरांचा लीव्हर ठेवायचा, पण ऑडिटरच्या जागी, असं ठरलं होतं. टॉर्च हेडमास्तरांच्या हातात होती आणि ती त्यांच्या हातात कोणी दिली, हे तिने विचारलं नाही.

पुढच्या रविवारी गाडी बाजारात गेली. दाबलं की पळत होती, सोडलं की थांबत होती. सासूबाईंनी लिंबं घेतली, साबण घेतला. येताना ऑडिटरने अशी सांभाळून चालवली, की न्हावी दारात उभा होता तो निराश होऊन आत गेला. गाडी गॅरेजात शिरली आणि बंद केल्यावरच बंद झाली.

पाचही जण उतरले. सासूबाईंनी चावी काढून हातात घेतली. हेडमास्तर सदऱ्याची बाही नीट करू लागले. ऑडिटरने चष्मा पुसला. दोघांचे चेहरे बक्षीस समारंभात असावेत तसे हवे होते, पण तसे नव्हते. ट्रेन सुटताना फलाटावर उभ्या माणसांचे असतात तसे होते. धाकटी जमिनीकडे पाहत होती.

"चालली," सासूबाई म्हणाल्या. "आता मी सांगितलं होतं त्याप्रमाणे..."

"मागून कसला आवाज येत होता?" थोरली म्हणाली.

आयुष्यात ती गॅरेजात गाडीबद्दल एक शब्द बोलली नव्हती. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिचे कान तापले. कसला आवाज आणि कसलं काय. गाडी लोण्यासारखी आली होती. ऑडिटर म्हणेल, कुठे आवाज? हेडमास्तर म्हणतील, तुला काय कळतंय त्यातलं. ती तशीच उभी राहिली. "खडखड अशी," ती म्हणाली. "मला नीट ऐकू आली."

"मी मघाशीच म्हणणार होतो," हेडमास्तर घाईने म्हणाले.

"मीसुद्धा," ऑडिटर म्हणाला. "डाव्या चाकातून."

"डाव्या नाही, उजव्या."

"भाऊजी, मी चालवत होतो. डाव्या."

"मग उघडून पाहू. दोन्ही उघडावी लागतील."

"दोन्ही म्हणजे वेळ जाणार," ऑडिटर म्हणाला, आणि जॅक आणायला जवळजवळ धावला.

सासूबाईंनी हातातल्या चावीकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन ती शिवणाच्या डब्यात टाकली. धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला. मग दोघी लिंबांची पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेल्या.